बाराच्या चौदा

नवं घर घेतलेल्या माणसाला बिल्डर किल्ली देतो, वकील कागदांचा गठ्ठा देतो आणि शेजारी सल्ला देतात. किल्ली दोन दिवसांत कुठेतरी ठेवली जाते आणि सापडत नाही, कागद कपाटात पडून राहतात. सल्ला मात्र जन्मभर पुरतो. एलेउतेरिओ मागसिनो यांना हे ज्ञान वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी झालं. अख्खं इमुस गाव त्यांना तेयो मास्तर म्हणतं, कारण इमुसमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी भूमिती शिकवली आहे आणि उरलेल्या निम्म्यांना नापास केलं आहे.

तेवीस वर्षं मास्तर आणि त्यांची बायको लुझ भाड्याच्या घरांत राहिली. एकूण सहा घरं. एका मालकिणीला खिळा ठोकलेला चालत नसे, एकीला मासे तळलेले चालत नसत, आणि एका मालकाला मास्तरांनी गायलेलं चालत नसे. त्या शेवटच्या बाबतीत लुझ मालकाच्या बाजूने होती, पण ते असो. आता व्हिला मारिपोसा वसाहतीत, चौथ्या गल्लीत, सतरा नंबरचं दुमजली घर मास्तरांच्या नावावर झालं होतं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या, पुढे ओटा, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. पण मास्तर शाळेतून येताना मुद्दाम गल्लीच्या टोकाला उतरत आणि चालत येत, म्हणजे दारावरची आपल्या नावाची पाटी लांबून दिसावी. पाटी वितभर होती. ती लांबून दिसत नसे. तरी त्यांना दिसायची.

तांदूळ आणि मीठ घरात आधी नेलं, मग बाळ येशूची मूर्ती, मग बाकीचं सामान. यात काहीही चुकलं नाही, हे लुझ आजही शपथेवर सांगते. चुकलं ते पुढे, फोनवर.

मास्तरांची आई एस्कोलास्तिका ही लिपा गावी थोरल्या मुलाकडे राहायची. हा थोरला म्हणजे कुया पॉन्स, पॉन्सदादा. त्याचं ऐसपैस एकमजली घर होतं, सात कुत्री होती आणि एक हसू होतं, जे तो धाकट्या भावासाठी राखून ठेवायचा. "मास्तर लोकांना घर नसतं रे, त्यांना बदली असते," असं तो दर नाताळात म्हणायचा. आणि दर नाताळात मास्तर आईला म्हणायचे, "आई, माझं घर झालं की तू माझ्याकडे." आई म्हणायची, "हो रे बाळा." तेवीस नाताळ हे चाललं होतं. दोघांपैकी कोणीच ते गमतीत म्हणत नव्हतं.

तर मास्तरांनी फोन केला. आईने आधी माशांचे भाव सांगितले, मग कोण कोण गेलं ते सांगितलं, मग पॉन्सच्या कुत्र्यांनी तिची चप्पल खाल्ली ते, गुडघे, चर्चमधला नवा फादर किती भरभर बोलतो ते, आणि मग विचारलं, "घराला पायऱ्या किती आहेत?"

"पायऱ्या?"

"वरच्या मजल्यावर जायच्या. नीट मोज आणि सांग. मग मी यायचं की नाही ते ठरवते. वास्तुपूजेला तर येतेच आहे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि जिन्याकडे पाहिलं. आपल्याकडे पायऱ्या कशासाठी मोजतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिली सोनं, दुसरी चांदी, तिसरी मरण. पुन्हा सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी मरणावर आली तर त्या घरात राहायचं नाही. मास्तरांचा यावर विश्वास नव्हता. ते गणिताचे माणूस होते. पण विश्वास नसणं वेगळं आणि आपल्या घराच्या पायऱ्या न मोजता घर घेणं वेगळं. ते जिन्याशी गेले आणि मोजू लागले. खरं तर मोजायची गरज नव्हती, आठव्या पायरीवरच त्यांना पुढचं गणित दिसलं. पण माणूस आशेवर जगतो, म्हणून ते वरपर्यंत गेले.

बारा.

बाराला तीनने नि:शेष भाग जातो. हे वाक्य मास्तरांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, पण त्याचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

"लुझ, आपण मरणात राहतोय," ते खाली येऊन म्हणाले.

"आधी नळाची गळती बघ," लुझ म्हणाली.

बातमी गल्लीत पसरायला दुपार पुरली. शेजारच्या बेबांगबाई घरातच दुकान चालवत, त्यामुळे साबणाच्या वडीबरोबर बातमी फुकट मिळायची. त्या पहिल्या आल्या. "मास्तर, वाईट नका वाटून घेऊ, पण या घरातले आधीचे लोक का टिकले नाहीत ते आता कळलं."

"बाई, हे घर नवं आहे. आधी कोणी राहिलंच नाही."

"तेच तर. कोणी आलंच नाही!"

मग समोरचे फ्लोरो आले. फ्लोरो तीस वर्षं जहाजावर होते. जहाजावर ते स्वयंपाकी होते, पण ते फक्त "जहाजावर होतो" एवढंच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते कप्तान वाटत. बांधकाम, हवामान, यकृत आणि राजकारण या चार विषयांत त्यांचा शब्द गल्लीत अंतिम होता. ते म्हणाले, "माझ्याही बाराच आहेत. सगळ्या गल्लीच्या बारा आहेत. मी सगळ्यात वरच्या पायरीवर मोठी कुंडी ठेवली आहे. वापरात नसलेली पायरी मोजत नाहीत."

"मग तुम्ही वर कसे जाता?"

"लांब पाय टाकतो. दोनदा पडलोय, पण मेलो नाही. म्हणजे उपाय लागू पडला की नाही?"

मास्तरांनी ठरवलं की आपण कुंडीबिंडी ठेवणार नाही. आपण शिकलेले लोक. आपण रीतसर एक पायरी वाढवू.

फ्लोरोंच्या ओळखीचा गवंडी तासियो आला. त्याने जिना पाहिला, भिंतीवर बोटाने टकटक केलं, उसासा सोडला आणि आधीच्या गवंड्याला नावं ठेवली, म्हणजे काम जाणणारा होता. तोडगा त्याचाच. सगळ्यात खालच्या पायरीपुढे निम्म्या उंचीची एक पायरी बांधायची. वरच्या कशाला हात लावायचा नाही. बाराच्या तेरा. तेरा म्हणजे सोनं.

"वा!" मास्तर म्हणाले. "सोप्यात सोपं."

नव्या घरमालकाने "सोप्यात सोपं" हे शब्द कधीही तोंडातून काढू नयेत. या एका सल्ल्यासाठी तरी ही हकिकत जपून ठेवावी.

कामाला रहिवासी संघाची परवानगी लागत होती. संघाच्या अध्यक्षा विल्यारुएलबाई. फाटकं कोणत्या रंगाची, ओट्याचे गज कोणत्या नक्षीचे, कुत्र्याने किती वाजेपर्यंत भुंकायचं, हे सगळं त्या ठरवत. अर्जात 'बदलाचे कारण' असा रकाना होता. एका गणितशिक्षकाने तिथे 'मरण' लिहावं, हे मास्तरांना पटेना. त्यांनी लिहिलं, 'भौमितिक सुधारणा'.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मरण पडतंय ना?"

मास्तर लाजले. "आईचा आग्रह आहे."

"अहो, त्यात काय? माझ्याही बाराच आहेत. मी वरून खाली मोजते. काही त्रास नाही."

इथे मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. लुझ नंतर चार दिवस हेच म्हणत होती. पण समोर चुकीचं गणित दिसलं की मास्तरांच्या हाताला खडू शिवशिवतो. "बाई," ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "वरून मोजल्या तरी बाराच भरतात."

बाईंचे ओठ हलू लागले. वरून खाली मोजत असाव्यात. मग त्यांनी अर्ज उचलून सगळ्यात खालच्या खणात टाकला. परवानगी यायला अकरा दिवस लागले. आणि तिसऱ्या दिवशी विल्यारुएलबाईंच्या घरी वाळू येऊन पडली.

तासियोने तेरावी पायरी बांधली. छान झाली. मास्तर तिच्यावर चढून उतरून पाहत होते, तेवढ्यात बेबांगबाई डोकावल्या आणि त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "तेरा? मास्तर, येशूच्या शेवटच्या जेवणाला किती जण बसले होते?"

"तेरा," मास्तर म्हणाले, आणि पायरीवरून खाली उतरले.

"आणि पुढे काय झालं?"

पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. मास्तरांनी तासियोला परत बोलावलं. तासियोने आदल्या दिवशी बांधलेली पायरी फोडली आणि एका पायरीची उंची तिघींत वाटली. आता जिन्याच्या पायथ्याशी चार-चार बोटं उंचीच्या दोन नव्या पायऱ्या झाल्या, मग जुनी पहिली, मग बाकीचा जिना. एकूण चौदा. म्हणजे चांदी. सोनं नाही, पण मास्तरांच्या खानदानात चांदीही काही रोज चालून येत नव्हती.

फक्त एक झालं. दोन नव्या पायऱ्या पुढे सरकल्या, आणि पुढे दार होतं. दार आत उघडायचं. आता ते वितभर उघडून पायरीवर धडकू लागलं. लुझ कामावरून आली आणि त्या फटीतून आधी पिशवी, मग हात, मग कशीबशी स्वतः आत आली.

"तेयो," ती म्हणाली, "तेवीस वर्षं मी वाट पाहिली, की आपल्या स्वतःच्या घरात ताठ मानेने शिरेन."

"दार बाहेर उघडणारं करतो. सोप्यात सोपं."

सुतार आला, दार फिरवलं. दार बाहेर उघडू लागलं आणि ओट्याच्या गजांवर आपटलं. गज काढायला संघाची परवानगी हवी. मास्तर विल्यारुएलबाईंकडे गेले. त्यांच्या दारात सिमेंट कालवलेलं होतं आणि आतून ठोकाठोक ऐकू येत होती. "गज सगळ्या गल्लीचे एकसारखे आहेत," बाई म्हणाल्या. "एकाचे काढले तर गल्लीचा चेहरा बिघडतो. आणि मास्तर, चौदाच केल्यात ना? बरं, बरं. नाही, सहज विचारलं."

गज राहिले. दार अर्धं उघडायचं. बारीक माणसाला त्याचं काही वाटलं नसतं, पण मास्तर पान्सितच्या शेवया आवडीने खाणारे होते. त्यांना कुशीवर वळून घरात जावं लागे. जाताना पोट आत घ्यायचं, पाटी डोक्याला लागू द्यायची नाही आणि लगेच पुढे चार बोटांची पायरी आहे हे विसरायचं नाही. ती सगळे विसरायचे. पायाला सवय नेहमीच्या उंचीची, त्यामुळे आत आलेला प्रत्येक माणूस दोन पावलं उगाच उंच टाकायचा आणि कवायत करत आल्यासारखा दिसायचा.

आणि मग, वास्तुपूजेच्या आदल्या दिवशी, फ्लोरो आले. जिना पाहिला, मान डोलावली, आणि म्हणाले, "वरची जमीन धरलीत का?"

"कसली जमीन?"

"शेवटच्या पायरीनंतर पाय कुठे पडतो? वरच्या मजल्यावर. ती पण पायरीच ना? चौदा आणि एक?"

मास्तर खालच्या पायरीवर बसले. पंधरा. तीन पाचे. लेचोनची, म्हणजे भाजलेल्या डुकराची, ऑर्डर गेली होती. फादरांना सांगून झालं होतं. कुया पॉन्स सकाळी आईला घेऊन निघणार होता, आणि त्याने फोनवर विचारलंच होतं, "काय मास्तर, छप्पर आहे ना घराला?" आई उद्या जिन्यापाशी उभी राहील, मोजेल, आणि त्याच गाडीतून कुत्र्यांकडे परत जाईल. तेवीस नाताळांनंतर. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सिमेंटच्या धुळीने आलं असं त्यांनी लगेच जाहीर केलं.

जमीन धरायची की नाही यावर तासभर चर्चा झाली. बेबांगबाई धरायच्या बाजूच्या, लुझ रात्रीचं जेवण कोण करणार या बाजूची. शेवटी कोपऱ्यात हत्यारं पुसत असलेला तासियो म्हणाला, "सर, जिथे खाट टाकता येते ती जमीन. जिथे टाकता येत नाही ती पायरी."

मास्तर ताडकन उठले. व्याख्या! तीस वर्षं ते मुलांना सांगत होते की आधी व्याख्या करा, मग भांडा. त्यांनी तासियोचा हात दोन्ही हातांत धरला. तासियोला त्यांनी आठवीत दोनदा नापास केलं होतं. त्याबद्दलही ते आता काहीतरी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सगळं गणगोत जमलं. बांबूवर भाजलेलं अख्खं डुक्कर आलं आणि दारातच अडकलं. डुक्कर काही पोट आत घेईना. मग ते बेबांगबाईंच्या दुकानातून, त्यांच्या स्वयंपाकघरातून, मागच्या भिंतीवरून, सहा जणांच्या हातांवरून घरात आलं. वाटेत बेबांगबाईंनी एक कान ठेवून घेतला. कुया पॉन्स हे सगळं ओट्यावर उभा राहून पाहत होता. ते राखून ठेवलेलं हसू त्याने बाहेर काढलं. "मास्तर, घर छान आहे. फक्त आत जायची सोय करायची राहिली."

फादरांनी तीर्थ शिंपडलं, नाणी उधळली, पोरं पाहुण्यांच्या पायांतून रांगली. आणि मग एस्कोलास्तिकाबाई जिन्यापाशी आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी, अंगात चर्चचा पोशाख. चौथ्या गल्लीतला प्रत्येक माणूस त्यांच्या ओठांकडे पाहत होता. विल्यारुएलबाई तर पुढे सरकून उभ्या होत्या.

"किती म्हणालास रे पायऱ्या?"

"चौदा, आई!" मास्तर म्हणाले. छाती आपोआप पुढे आली. "आधी बारा होत्या. तू विचारलंस म्हणून मी दोन वाढवल्या!"

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"वाढवल्यास?"

"मरण पडत होतं ना, आई."

"अरे गाढवा," आई म्हणाली, "मी गुडघ्यांसाठी विचारत होते!"

पहिल्यांदा फ्लोरो हसले. मग बेबांगबाई. मग फादर, तोंडावर पुस्तक धरून. मग सगळं घर. कुया पॉन्सला तर भिंतीचा आधार घ्यावा लागला. फक्त विल्यारुएलबाई हसल्या नाहीत, त्यांच्या घरी अजून सिमेंट ओलं होतं. मास्तर जिन्याशी उभे होते आणि त्यांना वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि आपण पोटात जावं. मग ती पायरी धरायची की नाही, हे लोकांनी ठरवावं.

"पॉन्स, पुरे झालं," आई म्हणाली. "तुझ्या घराला पायऱ्या किती?"

"माझ्या? एकही नाही, आई. एकमजली आहे."

"नाही कशा? ओट्याला आहेत. सात वर्षं मी रोज चढते. किती आहेत?"

पॉन्सने डोकं खाजवलं. कोणालाच माहीत नव्हतं.

"चार आहेत. चौथी फुटकी आहे. दर पावसाळ्यात सांगते." ती धाकट्याकडे वळली. "ह्याने उलटं ऐकलं, पण मी विचारलं म्हणून घर फोडलं. हात दे रे."

मास्तरांनी हात दिला. आईने काठी टेकली आणि पहिली नवी पायरी चढली. मग दुसरी. तिसरी. मग चौथीवर तिने "आई गं" केलं, पाचवीवर मेरीमातेला हाक मारली, सहावीवर थांबली आणि मागे वळून खाली पाहिलं.

"या खालच्या तीन कोणी केल्या?"

"मी," मास्तर चाचरत म्हणाले. "म्हणजे तासियोने. पण माझ्या सांगण्यावरून. आई, त्या जरा बुटक्या झाल्यात, लोक अडखळतात, मी उद्याच..."

"हात लावशील तर याद राख. तिथे गुडघा एक शब्द बोलला नाही. आणि या वरच्या कोणत्या गाढवाने केल्या?"

"बिल्डरने."

"मग त्याला काय कळतंय?" आई पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाली, पॉन्सला ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोठ्याने. "माझ्या मुलाने केलेल्या पायऱ्या बघा. आणि दुसऱ्याच्या बघा. पॉन्स, गाडीतून माझी ट्रंक काढून आण. मी राहणार आहे."

ट्रंक आणली होती तर! पॉन्स तोंड बारीक करून गाडीकडे गेला. दारातून निघताना त्याला कुशीवर वळावं लागलं, आणि ते पाहताना मास्तरांना त्या दाराबद्दल प्रथमच ममता वाटली.

आई सहाव्या पायरीवर बसली. तिथून दार दिसत होतं, डुक्कर दिसत होतं आणि अर्ध्या उघड्या दारातून गल्लीही दिसत होती. तिने मास्तरांना शेजारी बसवलं, त्यांच्या शर्टावरची सिमेंटची धूळ झटकली आणि म्हणाली, "तेयो, बाकीच्याही अशाच करून घे. एकेकीच्या तीन-तीन."

"करतो, आई. सोप्यात..."

मास्तर मध्येच थांबले. बारा त्रिक छत्तीस. छत्तीसला तीनने नि:शेष भाग जातो. त्यांनी आईकडे पाहिलं. ती येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती की हे माझ्या मुलाचं घर. मास्तरांनी खाली पान्सित खात असलेल्या तासियोला शोधलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "तासियो! सदतीस!"